पंधरा पावलांचा ठराव

चहा निवू देऊ नका. गोष्ट फार लांब नाही. तिच्यातला मूर्ख कोण, हे शोधण्याचे कष्ट तुम्हाला पडू नयेत म्हणून आधीच सांगून टाकतो: तो मी.

'लक्ष देऊन ऐका' हे वाक्य मुलांना सांगण्यात ज्याची सारी नोकरी गेली, त्याच्याच हातून हा प्रमाद घडला. आता बोला!

आमच्या गावाला हॉकीचे वेड आहे. निजामाच्या पोलिसांतला कोणी हवालदार निवृत्त होऊन गावी परतला आणि येताना हे वेड घेऊन आला, असे जुनी माणसे सांगत. बीडच्या या मुरमाड भागात आधी पाणी आणावे की हॉकी, हे त्याला कोणी विचारले नसावे. पाणी अजून टँकरने येते. हॉकी मात्र कायमची वस्तीला आहे.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि तलावाचा तळ उघडा पडला. गाळ शेतकऱ्यांनी उचलून नेला. खाली उरले ते फरशीसारखे टणक, सपाट मैदान. मी परमेश्वराच्या इच्छेपुढे हात जोडले. अंकुशने दुष्काळाचे जाहीर आभार मानले.

अंकुश हा आमच्या संघाचा कप्तान. पाय चपळ, जीभ त्याहून चपळ. माझाच विद्यार्थी, हे मला सांगावे लागते.

तर त्या टणक भुईवर चेंडू उसळू लागला. गोलात उभा राहायचा सुदाम. त्याचे पॅड म्हणजे पेंडेच्या रिकाम्या गोण्यांत कडबा भरून शिवलेले दोन गठ्ठे. उन्हाळ्यात चारा संपला तेव्हा त्याने ते उसवले आणि म्हशीपुढे टाकले. म्हैस वाचली, पॅड गेले. याबद्दल मी त्याला दोष देत नाही. म्हशीनेही दिला नाही.

आमच्या पंचक्रोशीतली पेनल्टी पुस्तकातली नव्हे. मारणाऱ्याने लांबून धावत यावे, वाटेल तितके जवळ यावे आणि रट्टा ओढावा. शेजारच्या पाली गावच्या संघातला एक धिप्पाड गडी तर इतका जवळ येई की गोलकीपरने सकाळी काय खाल्ले ते त्याला वासाने कळावे. गेल्या सामन्यात त्याच्याच चेंडूने सुदामची करंगळी सुजून केळ्याएवढी झाली. पेनल्टी मिळाली कशामुळे? अंकुशने पायाने चेंडू अडवला म्हणून!

दूध संस्थेच्या शेडमध्ये रोज सकाळी यावर वाद होई. मी संस्थेचा चेअरमन. दूध आटून एका कॅनवर आले होते. माणसे मात्र पूर्वीइतकीच येत. मोजायला थोडे, बोलायला पुष्कळ.

"पेनल्टी म्हंजी शिक्षा हाय बे!" अंकुश म्हणाला. "शिक्षा कदी गोड आसती का?"

"मंग ती तुला व्हावी की!" सुदामने करंगळी वर केली. "पाय तुजा लागला, बोट मपलं सुजलं!"

"गोलात हुबा कावून ऱ्हातूस? झाडाखाली बस जाऊन."

"झाड ठिवलंय का तुमी एखांदं?"

हशा झाला. मी हसलो नाही. मी सहसा हसत नाही.

सुदामची बायको कौसाबाई दूध घालून निघाली होती. ती उंबऱ्यात थांबली.

"गुरुजी, दसरा झाला की आमची टोळी उसाला निघती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. ह्यांचा हात मोडला तर मुकादम अर्धा कोयता नेतो व्हय? हितं ऱ्हाऊन काय खावं आमी, तळ्याची माती?"

पालीशी सामना पुढच्या पंधरवड्यात होता.

"मग खेळू नये त्याने," कोणीतरी पुटपुटले.

"वर्षातून तेवढंच तर हासतेत ते," कौसाबाई म्हणाली आणि निघून गेली.

मला त्या क्षणी जे वाटले ते अजूनही वाटते. अपराध एकाचा आणि मार दुसऱ्याला, याला न्याय म्हणत नाहीत. मी घसा साफ केला. "विशेष सभा बोलवा. ठराव मी मांडतो."

हसू नका. हॉकीचा नियम दूध संस्थेच्या सभेत? होय. आमच्या गावात ठराव, सूचक आणि अनुमोदक यांच्यावाचून काहीही बदलत नाही. आणि गावात जिवंत संस्था ती एकच होती.

आता एक जुनी गोष्ट मध्येच सांगणे भाग आहे. आमच्या सभांत ठराव वाचून व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर!' असा गजर होतो. मला त्याचा मनस्वी तिटकारा. न ऐकता दिलेली संमती हे असत्यच, असे माझे मत. एका वर्षी परीक्षा पाहावी म्हणून मी शांतपणे वाचले: "ठराव सहावा. उद्यापासून सर्व सभासदांनी सकाळी एक मूठ पेंड खावी."

"मंजूर!" शेड दणाणली.

त्यानंतर मी तासभर बोललो. एकाग्रतेवर. त्या दिवसापासून सभासद मला थोडे घाबरतात, असा माझा समज होता.

विशेष सभा संध्याकाळी भरली. सभासद पालथ्या कॅनवर बसले. मी ठराव वाचला: पेनल्टी पंधरा पावलांवरून घ्यावी, मारणाऱ्याने धावत पुढे येऊ नये, चेंडू गुडघ्याच्या वर उचलू नये.

"पंधरा पावलं?" अंकुश उठला. "गुरुजी, तेवढ्या लांबून तर चेंडू पत्ता इचारीत जाईल!"

"जाऊ दे इचारीत! मपल्या करंगळीचा पत्ता लई जणांना ठावूक झालाय!" सुदाम ओरडला.

वाद पेटला. आणि तेवढ्यात दिवेलागण झाली.

माझा एक नेम आहे. दिवेलागणीला, जेथे असेन तेथे, मी लिंबागणेशच्या गणपतीचे नाव एकशे आठ वेळा घेतो. माळ उपरण्याखाली, डोळे मिटलेले. सभा असो, लग्न असो. नेम तो नेम.

विसाव्या मण्यापर्यंत शब्द कानावर येत होते. पुढे केवळ कल्लोळ. नव्वदाव्या मण्याच्या सुमारास एकदम शांतता पसरली. मला वाटले, विरोध मावळला. एकशे सातव्या मण्यावर अंकुशचा आवाज आला, "मंग, चेअरमनसायेब? मंजूर का?"

एकशे आठवा मणी ओढला, डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "मंजूर!"

टाळ्यांचा असा कडकडाट त्या शेडने कधी ऐकला नसेल. सुदामच्या डोळ्यांत पाणी होते. मी भारावलो. आणि भारावलेला मास्तर काय करतो? भाषण करतो.

"आज जे ठरले," मी म्हणालो, "त्यापासून जो मागे हटेल, त्याने या संस्थेची पायरी पुन्हा चढू नये. मग तो कोणीही असो!"

"कुनीबी?" अंकुशने विचारले.

"कोणीही!"

सचिवाने इतिवृत्त पुढे केले. मी वळणदार सही केली.

दुसऱ्या दिवशी शिंपी दारात. "गुरुजी, रविवारसाठी माप घ्यायचं हाय." त्याने गुडघा मोजला, पोटरी मोजली, छातीही मोजली. मी ओळखले, रविवारी सत्कार असणार. गुडघ्याचे माप कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. सत्काराच्या वासाने चांगल्या माणसाची बुद्धी अशी चळते पाहा!

मग कौसाबाई आली. काखेत गोधडी. ऊसतोडीच्या कोपीत, त्या पाचटाच्या खोपटात, थंडीला पांघरायची, घरातली एकुलती एक.

"शिंप्याला द्या ही," ती म्हणाली. "उसवून भरा. आमच्यासाठी तुमी एवडं करायलात..."

शालीला अस्तर लावणार असतील, असे मी समजलो. "कर्तव्यच आहे ते," मी म्हणालो.

"भ्याव न्हाई वाटत तुमाला?"

"सत्याला भय कसले, बाई?"

तिने माझ्या पायांवर डोके ठेवले. मी आशीर्वाद दिला. त्या तीन दिवसांत आमच्या घरात मला भातावर तूप वाढले गेले. दुष्काळात! शनिवारी आमच्या मंडळींनी वाढता वाढता हळूच विचारले, "जायलाच पायजे का? वय काय आपलं?"

"दोन शब्द बोलायचे तर आहेत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले आणि आणखी एक चमचा तूप वाढले.

रविवारी धुतलेले धोतर नेसून, टोपी नीट करून, खिशात भाषणाचा कागद ठेवून मी तलावात उतरलो. सारे गाव काठावर. पालीचा कप्तान आणि तो धिप्पाड गडीही आले होते. अंकुशने हार घातला, नारळ दिला. मग दंडाला धरून मला घेऊन चालू लागला.

"व्यासपीठ कुठे आहे?" मी विचारले.

"हेच की." त्याने मला दोन बांबूंच्या मध्ये उभे केले. शिंपी माझ्या पायांना काहीतरी जाड, गोधडीच्या चिंध्या भरलेले बांधू लागला.

"अंकुश, हे काय चालले आहे?"

त्याने इतिवृत्ताची वही उघडली आणि माझ्याच वर्गात शिकवलेल्या स्वच्छ उच्चारांत वाचले: "उपसूचना. नवा नियम सुरक्षित आहे किंवा कसे, याची खात्री पटावी म्हणून सूचकाने स्वतः गोलात उभे राहून पंधरा पावलांवरून पाच पेनल्ट्या अंगावर घ्याव्यात. सूचक टिकल्यास नियम लागू. सूचक हटल्यास नियम रद्द. अध्यक्षांनी स्वमुखाने मंजूर केली."

खाली सही. माझी.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचे होते की ऐकलेच नव्हते. कोणाला सांगायचे? ज्यांना मी पेंडेवरून तासभर सुनावले होते त्यांना? आणि काठावर कौसाबाई बसली होती, पदराचे टोक दातांत धरून. मी हटलो तर नियम रद्द, आणि तो पालीचा गडी पुन्हा सुदामच्या श्वासापर्यंत येणार.

मी टोपी काढली. नारळ शिंप्याकडे दिला. डोळे मिटले आणि गजाननाचे नाव घेतले. या वेळी मोजले नाही.

अंकुशने मारलेला पहिला चेंडू कोठून गेला ते मला ठाऊक नाही. मागे ओरडा झाला, तेव्हा गेला हे कळले.

दुसरा गुडघ्याला लागला. गोधडीने झेलला. मी 'आई' म्हणालो असे लोक सांगतात. मी 'गजानना' म्हणालो होतो.

तिसऱ्याला मी पळण्याच्या विचाराने पाठ फिरवली आणि चेंडू माझ्या काष्ट्यात अडकला. पंचांनी तो 'अडवला' असा धरला. कशाने, ते विचारले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

चौथा पुन्हा आत.

तेव्हा काठावरून कौसाबाई ओरडली, "गुरुजी, आवं डोळे उघडा की!"

मी उघडले. अंकुश पंधरा पावलांवर उभा होता. त्याने दांडा फिरवला, आणि खरे सांगतो, चेंडू मला दिसला. येताना दिसला! बाजूला व्हायलाही वेळ होता, पाय घालायलाही. मी पाय घातला. चेंडू थडकला आणि माझ्यासमोर गोगलगायीसारखा थांबला.

मग अंकुशने दांडा वर केला. "गुरुजी जगले! म्हंजी कुनीबी जगंल! नियम लागू!"

"मंजूर!" सारा तलाव गरजला. पालीचा कप्तानही त्यात होता. तो धिप्पाड गडी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मास्तर, तुमच्या काष्ट्याला आमच्या संघात घ्यावं म्हनतो."

पुढच्या रविवारी सामना झाला. आम्ही हरलो. मात्र सुदामने पालीची एक पेनल्टी पंधरा पावलांवरून पाहिली, तोलली आणि पायाने अशी बाजूला सारली, जशी दारातली शेळी सारावी. तो हसला. कौसाबाई त्याच्याकडे पाहत होती, सामन्याकडे नव्हे.

दसऱ्यानंतर टोळीचा ट्रॅक्टर वेशीत उभा राहिला. मी निरोप द्यायला गेलो. सुदामने दोन्ही पंजे पसरून दाखवले: दहाच्या दहा, सरळ. कौसाबाईच्या काखेत ती गोधडी होती, पॅड उसवून पुन्हा शिवलेली. थंडीत ती त्यांना ऊब देणार होती. त्याआधी तिने माझा गुडघा राखला. मी तिला हात जोडले. आयुष्यात ज्यांचे उपकार फिटणार नाहीत अशांत माझ्या लेखी एक गोधडीही आहे.

एवढ्यावर संपली असती, तर मी ही गोष्ट अभिमानाने सांगितली असती.

अंकुश ताटली घेऊन पुढे आला. वर रुमाल झाकलेला. "गुरुजी, तुमचा सत्कार ऱ्हायलाच की."

मी गहिवरलो. रुमाल उचलला. ताटलीत मूठभर पेंड होती.

"हे काय?"

त्याने इतिवृत्ताची जुनी वही काढली. "ठराव सहावा. सर्व सभासदांनी सकाळी एक मूठ पेंड खावी. मंजूर. आजून कुनी पाळला न्हाई, गुरुजी. सुरवात चेअरमनपासून व्हावी, आसं समद्यांचं मत पडलं."

"अरे, ती तर परीक्षा होती! ती वहीत कशी आली?"

"मंजूर झालं म्हनून सचिवानं लिवलं. तुमी वाचून सही केली आसंल ना?"

मी वहीत पाहिले. सही माझी होती. वळणदार.

चिमूटभर खाल्ली. उरलेली सुदामच्या म्हशीला घातली. तिने मात्र न ऐकता मंजूर केली.