दीड वीत मराठी

स्क्रीनवर सगळं दिसत होतं, फक्त मराठी दिसत नव्हतं. जिथे नवरीचं नाव असायला हवं होतं तिथे चौकटी, उभ्या रेघा आणि दोन-तीन ग्रीक अक्षरं होती. नवरीचे वडील बाळारामशेठ माझ्या मागे खुर्चीवर बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"ह्यो माज्या पोरीचा नाव हाय?"

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, आत बरोबर आहे."



ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वाशीतल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो. कंपनी म्हणजे मालक खरे साहेब, मी आणि एक टेलिफोन. माझा डिप्लोमा ताजा होता, व्हिजिटिंग कार्डं त्याहून ताजी होती, आणि ती मी भाजीवाल्यालाही देत असे.

वाशीजवळच्या शिरवणे गावातल्या कुंदाताई आमच्या जुन्या ग्राहक. घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या कम्प्युटरवर लग्नपत्रिका करायच्या. मशीन जुनं, 386. ऐन लग्नसराईत ते बंद पडलं. उघडून बघितलं तर आतली छोटी बॅटरी गळून तिने मदरबोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या होत्या. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकीचे सगळे भाग येऊन बसतात तो. तो गेला की बाकीचे कितीही धडधाकट असले तरी बेकार.

"भाऊ, स्वस्तातला बगा," कुंदाताई म्हणाल्या. "पन काम व्हायला पायजे. बालारामशेठच्या पोरीची पत्रिका आत हाय. गुरवारी सकाली पयली पत्रिका गावदेवीसमोर ठेवाची हाय."

पत्रिका पुन्हा टाइप करा, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. पत्रिकेत भावकीची नावं कुठल्या क्रमाने घालायची यावर बैठका झाल्या होत्या. शेवटी सगळे पुरुष याच स्क्रीनसमोर उभे राहिले होते आणि कोण वर, कोण खाली, हे तिथल्या तिथे ठरलं होतं. तो क्रम आता फक्त हार्ड डिस्कमध्ये होता. पुन्हा टाइप करायचं म्हणजे पुन्हा बैठक, आणि ती शांततेत होईल असं कोणालाच वाटत नव्हतं.

मी ग्रँट रोडच्या कम्प्युटर बाजारात गेलो. डीलरने आधी 386च्या पुढच्या पिढीचा एक मळकट 486 बोर्ड पुढे केला. "ये ले जाओ, पुराने मशीन के लिए बराबर है." मी हसलो, चक्क हसलो. माझी नजर शेजारच्या, त्याहून नव्या पेन्टियमवर होती. चकचकीत बोर्ड, प्रोसेसरवर छोटा पंखा. जुना स्टॉक काढायचा म्हणून तोही फार महाग नव्हता. मी तो उचलला.

ऑफिसात खरे साहेबांनी विचारलं, "कदम, बाईंनी काय मागितलं होतं?"

"स्वस्तातला बोर्ड, सर."

"मग हे काय आणलंय?"

"रॉकेट, सर."

साहेबांनी रॉकेटकडे बघितलं आणि स्वतःपुरता चहा मागवला.

बुधवारी सकाळी मी शिरवण्याला बोर्ड बसवायला घेतला. बाळारामशेठ आधीच येऊन बसले होते. बटण दाबताच मशीन असं धावलं की कुंदाताई खूश झाल्या आणि मी त्यांच्याहून खूश झालो. मग मराठी कार्ड बसवायची वेळ आली.

त्या काळी कम्प्युटरला मराठी आपसूक येत नसे. त्यासाठी वेगळं कार्ड घ्यावं लागे आणि ते बोर्डावरच्या लांब खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, उभं बसवावं लागे. कुंदाताईंचं कार्ड पार या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं होतं. जुना बोर्ड काढताना मीच ते दोन हातांनी उचलून, वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेवर ठेवलं होतं. तरीही ते लांब आहे ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

नव्या बोर्डावर तसे स्लॉट दोनच होते. दोन्हींच्या वाटेत प्रोसेसर आणि त्याचा तो देखणा पंखा. कार्ड जाऊन पंख्यावर अडायचं. मी सरळ घालून बघितलं, तिरकं घालून बघितलं, श्वास रोखूनही बघितलं.

"थोरा दाबा," बाळारामशेठ म्हणाले.

मी थोडं दाबलं. पंख्याचं एक पातं तुटलं.

निदान फाइल सुखरूप आहे एवढं तरी दाखवावं म्हणून मी कार्डाशिवायच मशीन चालू केलं. त्यानंतर काय दिसलं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

"भाऊ, पलतंय झकास," कुंदाताई म्हणाल्या. "पन मराठी इसरलाय."

बाळारामशेठ उठले. "मंग वाशीच्या प्रेसात जाव का?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. शेठची पत्रिका वाशीला गेली की त्यांच्यामागे अख्खी आळी वाशीला जाणार, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हणालो. या वेळी निघण्याआधी कार्ड मोजायचं ठरवलं. पट्टी आणली नव्हती. खाटेवर ठेवून वितीने मोजलं. दीड वीत भरलं.

"साहेब, इंजिनियरीत वीत चालते का?" बाळारामशेठनी विचारलं.

"आजपासून चालते," मी म्हणालो.

बाजारात तो 486 तसाच पडून होता. माझ्यासारखेच सगळे त्याला हसून गेले असणार. त्याचा प्रोसेसर कोपऱ्यात, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. गिऱ्हाइकांच्या गर्दीत मी काउंटरवर वाकून स्लॉटपासून पुढे वीत टाकली. वाट मोकळी होती. "पहले बोलना था ना, इतना लंबा कार्ड है," डीलर म्हणाला. पेन्टियमचं तुटलेलं पातं बघून त्याने तो परत घ्यायला साफ नकार दिला.

संध्याकाळी नवा जुना बोर्ड बसला. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागला की चहा करून, पिऊन झाला. पण कार्ड खाचेत असं बसलं की जणू तिथलंच. फाइल उघडली. आधी उकार, मग काना, असं करत नाव उमटलं: चि. सौ. कां. सुगंधा.

बाळारामशेठ खुर्ची ओढून पुढे आले. पोरीच्या नावावर ते थांबले नाहीत. स्क्रीनवर बोट ठेवून भावकीची सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "बराबर हाय."

कुंदाताईंनी लगेच प्रिंटरमध्ये कागद सारला. गुरुवारी पहिली पत्रिका देवीसमोर गेली.

रॉकेट आमच्या ऑफिसच्या मशीनमध्ये गेलं. नवी मुंबईतल्या सगळ्यात वेगवान कम्प्युटरांपैकी तो एक असावा. त्यावर खरे साहेब पत्ते खेळायचे आणि मी केबिनमध्ये शिरलो की तुटक्या पंख्याचा आवाज मुद्दाम ऐकवायचे. मी मात्र धडा घेतला. बोर्ड घेताना तो किती पळतो हे शेवटी विचारायचं, त्याच्यावर कोणाकोणाला बसायचंय हे आधी. बाजारात पुढे कित्येक वर्षं मी वीत टाकत हिंडलो.

काही दिवसांनी बाळारामशेठची छापील पत्रिका ऑफिसात आली. देवीची प्रत निघाल्यावर त्यांनी त्यात एक भर घातली होती. अगदी तळाशी, मंडप डेकोरेटरच्या खाली आणि वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीच्या वर: 'कम्प्युटर: श्री. कदम, वीतवाले.'

मी कुंदाताईंना फोन केला. म्हटलं, डिप्लोमा आहे माझा, निदान मंडपवाल्याच्या वर तरी घ्यायचं.

"भाऊ, त्याच्यासाठी पन बैठक झाली," त्या म्हणाल्या. "बदलाचा असल तर परत बोलवते सगल्यांना."

मी म्हटलं, नको, आहे तिथे बरा आहे.