आत्याबाई आणि वकील

नवी पेठेत साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या चंद्रिकाबाईंनी पन्नाशी उलटेपर्यंत रंगमंचावर कधी पाय ठेवला नव्हता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी प्रियदर्शनी लग्न होऊन पुण्यात. पण दुकानात त्या गिऱ्हाइकांच्या अशा नकला करायच्या, की शेजारचा बांगडीवाला काम टाकून ऐकत बसे. कॉलेजात शिकवणारी सुकन्या एकदा साडी न्यायला आली आणि दारातच हसत उभी राहिली.

"काकू, आमच्या नाटकात आत्याबाई कराल का?"

चंद्रिकाबाईंना वाटलं थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी त्या तालमीला गेल्या.

नाटक जुनं, विनोदी. नायक-नायिका गच्चीवरून एकमेकांना बघतात आणि तिथंच प्रेमात पडतात. मग चोरून भेटी, वेषांतर, गाणी. नायिकेच्या घरात तिची विधवा आत्याबाई असते आणि एका उतारवयातल्या वकिलाचं तिच्यावर मन जडतं. तरुण जोडीच्या तोंडी सगळं काव्य, या दोघांच्या वाट्याला सगळा हशा. वकील गुडघे टेकून मागणी घालतो, तेव्हा त्याचा केसांचा टोप पडतो, आत्याबाई किंचाळते आणि कुणाची चाहूल लागताच तो घाबरून धान्याच्या कणगीत लपतो.

वकील करत होते गुरुशांत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, बायको वारलेली, मुलगा मंगळवेढ्याला. सगळे त्यांना अण्णा म्हणत, चंद्रिकाबाईही म्हणू लागल्या. गुडघे दुखायचे, म्हणून ते उठताना खुर्चीला धरत. मग चंद्रिकाबाई हात पुढं करू लागल्या. तालीम संपली की दोघं एकाच रिक्षानं घरी जात, वाटेत दोघांच्याही घरच्या भाषेत, कन्नडमध्ये, बोलत. चंद्रिकाबाईंना कमलम्मा नावाच्या एका शेजारणीच्या कटकटी सांगायच्या असत, गुरुशांतना सांध्यांची औषधं.

एका संध्याकाळी रिक्षात गुरुशांत म्हणाले, "बाई, एक विचारू? तो पोरगा गच्चीवरनं एकदा बघतो आणि जीव द्यायला निघतो. त्यावर लोक उसासे टाकतात. माझा वकील वर्षभर तिच्या दारावरनं जातो, तिची तब्येत विचारतो. त्याला का हसायचं?"

"टोप पडतो की तुमचा."

"तेवढ्यानंच?"

चंद्रिकाबाईंचं घर आलं, त्या उतरल्या. घरी गेल्यावर त्यांना दिवसभराचं काही आठवेना, तेवढंच वाक्य आठवत राहिलं.

पुढच्या तालमीत गुरुशांतनी मागणीचं वाक्य नेहमीच्या चिरक्या आवाजात म्हटलंच नाही. साध्या, खालच्या आवाजात म्हणाले, "आत्याबाई, एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय मला." टोप पडला. पण चंद्रिकाबाई किंचाळायचं विसरल्या. त्यांनी टोप उचलला, झटकला आणि गुरुशांतच्या डोक्यावर नीट बसवला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. नायिकेचं काम करणारी पोरगी डोळे पुसत होती.

"अहो, हशा गेला की इथला!" नाटक बसवणारी सुकन्या वैतागली.

"जाऊ दे," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "पुढं कणगीत लपतात तिथं घे की हशा. पण हितं मी किंचाळणार न्हाई."

शेवटी सुकन्यानं मान्य केलं.

त्या दिवसापासून चंद्रिकाबाईंनी त्यांना अण्णा म्हणणं सोडलं. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे भाऊ. गुरुशांतच्या ते लक्षात आलं. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी ते दुकानात आले, साड्यांचं गाठोडं ठेवायच्या स्टुलावर बसले.

"हे वाक्य पाठ केलेलं न्हाई," ते म्हणाले. "सोबत राहूया का आपण? पोरांना विचारून, रीतसर."

चंद्रिकाबाईंनी मशीन थांबवलं. "आधी चहा घ्या," एवढंच म्हणाल्या, आणि चहा येईपर्यंत दोघंही रस्त्यावरची गर्दी बघत बसले. चहा संपल्यावर त्या म्हणाल्या, "माझी ना न्हाई."

प्रियदर्शनीला फोन केला तेव्हा ती आधी गडबडली. "मम्मी, हे नाटकातलं सांगतेस का खरं?"

"खरं गं."

"लोक हसतील."

"हसू देत. सवय झालीय आता."

 त्यावर मुलगीच हसायला लागली आणि हसता हसता रडली. गुरुशांतच्या मुलानं फारसं विचारलं नाही. वडील वेळेवर जेवतील, याचंच त्याला बरं वाटलं.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीला सुकन्या आणि बांगडीवाला. मठातल्या स्वामींच्या पाया पडून दोघं घरी आली आणि संध्याकाळी तालमीला गेली, कारण पहिला प्रयोग रंगला होता आणि नाटकाला बार्शीचं बोलावणं आलं होतं.

बार्शीच्या प्रयोगानंतर आत येऊन एका म्हाताऱ्या बाईनं चंद्रिकाबाईंचा हात धरला. "त्या पोरापोरीचं काय, ते होणारच हुतं. मला तुमचीच काळजी लागली हुती. शेवटी लगीन झालं न्हवं तुमचं?"

"व्हय आजी," चंद्रिकाबाई म्हणाल्या, "झालं." आणि मेकअप पुसत बसलेल्या नवऱ्याला हाक मारून त्यांनी तिच्या पाया पडायला लावलं.