प्रभाकर पास्टरांनी दिलेली तारीख

आमच्या सौंसरच्या प्रार्थनाघराचे प्रभाकर पास्टर पूर्वी संत्रा मंडीत बोली पुकारायचे. त्यामुळे प्रवचनही तसंच व्हायचं. "बोला, कोण येते प्रभूकडे? मांगच्या बाकावरून? हाव, आला एक. अजून कोण?" ही नक्कल मी त्यांच्याच घरी करून दाखवली आहे, त्यांची बायको हसून हसून डोळे पुसत होती. पास्टरांना कोणी शिकवलेलं नव्हतं. फिरत्या प्रचारकांची भाषणं ऐकून पाठ केलेली, एवढीच पुंजी.

मंडीची आणखी एक सवय त्यांना होती. सौदा झाला की माल उचलायची तारीख तिथंच ठरवायची. प्रार्थनाघरातल्या गुणवंताकाकांना लकवा मारला, तेव्हा पास्टरांनी त्यांच्या घरी दणकून प्रार्थना केली आणि त्यांच्या बायकोला, जयश्रीकाकूंना, तारीखही देऊन टाकली. "तीन रविवार जाऊ द्या. चौथ्याले हे आपल्या पायानं चालत येतीन."

चौथा रविवार आला, काका खाटेवरच. पास्टर म्हणाले, "बाई, तुमचाच विश्वास कमी पडला."

काकूंनी प्रार्थनेला येणं सोडलं. काकांच्या उशाशी बसून रोज शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायच्या, तेही बंद. भांडी घासता घासता म्हणायच्या, "माह्या पायीच पडून हायेत हे." ते पास्टरांच्या कानावर गेलं.

शेहेचाळिसाव्या वर्षी ते नागपूरला धर्मशिक्षणाच्या कॉलेजात दाखल झाले. सोमवारच्या बसनं जायचे, शनिवारी परत. पहिल्याच परीक्षेत नापास. "सर इचारते, हे वचन कोणाले सांगतलं, कायले सांगतलं, मांगचं पान वाचलं का? म्या पंधरा वर्षांत मांगचं पान उलटलंच नाई."

दोन वर्षं संपली तशी ते पहिले जयश्रीकाकूंच्या दारात गेले. काकू म्हणाल्या, "या. आता किती रविवार लावता?"

"एकबी नाई. म्या चुकीचं सांगतलं होतं. तुमच्या विश्वासात काही कमी नव्हतं, बाई. शास्त्रातली चांगली चांगली माणसं दुखण्यात रडते, देवाशी भांडते, अन् देव त्यायले टाकत नाई. मले हे मालूमच नव्हतं. न शिकता तुमच्या घरात बोलून गेलो."

खाटेवरून काकाच अडखळत बोलले, "त्या दिवशी... लय वरडले तुम्ही. शेजारच्या म्हशीनं... दूध नाई देल्लं."

काकूंना हसू फुटलं. मग त्यांनी विचारलं, "हे उठतीन का?"

"मले मालूम नाई. डॉक्टरले इचारू. मी येत जाईन."

काकूंनी फळीवरचं शास्त्र काढलं, पदरानं पुसलं. पास्टरांनी हात पुढे केला, पण त्यांनी ते दिलं नाही. स्वतःच काकांच्या उशाशी बसल्या.

"तुम्ही खाली बसा," त्या म्हणाल्या. "उभ्या माणसाकडे पाहून ह्यायची मान दुखते."

पास्टर मांडी घालून बसले. काकूंनी तीन पानं वाचली. ते मधे एकदाही बोलले नाहीत.