गोधडीच्या कोपऱ्यातले दाणे

सासरी माझ्याआधी माझी गोधडी तपासली गेली. मी माप ओलांडून नुकती आत बसले होते आणि सासूबाई माहेरून आलेल्या त्या गोधडीची कड चिमटीत धरून हळूहळू पुढे सरकत होत्या. अख्खं देवपूर त्यांना अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. अक्कांचा कशावरच विश्वास नव्हता. दुधाचा थेंब नखावर घेऊन तो ओघळतो का ते बघायच्या. पाहुण्यांनी आणलेली शेव आधी दारातल्या कुत्र्याला घालायच्या, आणि कुत्रं खाऊन शेपूट हलवत राहिलं तरी ‘उद्या बघू’ म्हणून पुडी फळीवर ठेवून द्यायच्या.

माझं माहेर भडगावकडचं. आईने गोधडीचा गोट, म्हणजे कडेची पट्टी, घरीच केला होता. स्वतःच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या पट्ट्या तिने तिरक्या कापल्या, कारण तिरकी पट्टी ओढली की वळते आणि कोपऱ्यावर चुण्या पडत नाहीत. शेवटच्या कोपऱ्यात टाका घालायच्या आधी तिने आत चिमूटभर ज्वारी ठेवली आणि म्हणाली, “गोधडी उपाशी धाडानी नही.” तिच्या आईचीही हीच रीत होती. लहानपणापासून बघत आलेली गोष्ट, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

अक्कांची बोटं नेमकी त्या कोपऱ्यावर थांबली.

“हाई काय शे?”

“ज्वारी,” मी म्हणाले.

“ज्वारी खावानी ऱ्हास. गोटमा कसाले?”

मी रीत सांगितली. त्यांनी ती ऐकलीही, आणि ऐकता ऐकताच कात्री मागवली. कोपरा उसवला, मग सगळाच गोट काढला. दाणे पदरात गुंडाळून त्या स्वतः पांझरा नदीत टाकून आल्या. माझ्या आईचा हात कुणीतरी माझ्या डोळ्यांसमोर झटकून टाकावा तसं मला झालं. मी रडले, आणि दुःखापेक्षा रागानेच जास्त रडले.

अक्कांच्या या संशयाचं कारण मला नंतर नवऱ्याने सांगितलं. त्याचा थोरला भाऊ लग्नानंतर नरडाण्याकडे बायकोच्या गावी राहायला गेला तो तिकडचाच झाला. बायकोला बाप नव्हता, शेती बघायला कुणी नव्हतं, म्हणून तो गेला. पण हे कारण अक्कांना पटत नव्हतं. त्याच्या सासूने अंथरुणात काहीतरी मंतरून शिवलं, अशी त्यांची खात्री होती. एक मुलगा असा गेला होता आणि दुसरा त्यांना जाऊ द्यायचा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी धुळ्याच्या बाजारातून तयार गोट आला. यंत्रावर जोडून गुंडाळी केलेली लाल पट्टी तेव्हा नवीनच विकायला येऊ लागली होती. अक्कांनी ती हुंगली, उजेडात धरली, हातावर मापून बघितली आणि माझ्यापुढे टाकली. “दुकानना गोट बरा. तठे कोनी मंतर मारत नही. त्याले फक्त पैसा समजस.” तो गोट सरळ कापलेला, त्यामुळे कोपऱ्यावर गोळा झाला. पहिल्याच धुण्यात त्याने असा रंग सोडला की नवऱ्याचं धोतर गुलाबी झालं. अक्कांना त्याचं काही नव्हतं. गुलाबी धोतराचा का होईना, मुलगा घरात होता.

पण काढलेला निळा गोट त्यांनी टाकला नाही. घडी करून तो आपल्या पेटीत ठेवताना मी पाहिलं. का ठेवला असेल? माझ्यावर काही करायचं असेल का? डोकं दुखलं की मी आधी त्या पेटीकडे बघू लागले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

मग थोरल्या दिरांना मुलगा झाल्याची बातमी आली. अक्कांनी नातवासाठी छोटी गोधडी शिवायला घेतली. ती होत आली तेव्हा एका दुपारी त्यांनी मला आत बोलावून दार लोटलं आणि पेटी उघडली. माझ्या आईचा निळा गोट त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. वर मूठभर ज्वारी.

“तुनी माय दाना ठेवताना काय म्हने? तेच म्हन.”

“मंत्र नव्हता हो अक्का. ‘गोधडी उपाशी धाडानी नही’, एवढंच.”

“खोटं नको बोलू वं. मना पोऱ्या घर येवाले जोयजे.”

त्यांचे डोळे भरले होते. माझा इतक्या दिवसांचा राग कुठे गेला कळलं नाही, मला त्यांची फक्त दया आली. मी छोट्या गोधडीला तो गोट लावला, कोपऱ्यात दाणे ठेवले, आईचं वाक्य म्हटलं आणि टाका घातला. मी एखादा शब्द गिळला असेल अशा संशयाने त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि मगच गोधडी नरडाण्याकडे धाडली.

आणि थोरले दीर खरंच आले! धुळ्यात कुणाचं तरी लग्न होतं, त्यासाठी बायको-बाळासह आमच्याकडे उतरले. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू आम्ही दोघींनी मिळून चोरी केली होती आणि ती पचली होती. बाळ मांडीवर घेताच त्यांचा हात गोधडीच्या कोपऱ्याकडे गेला.

गोधडी तीच होती. गोट लाल होता, दुकानातला. कोपऱ्यावर चुण्या होत्या आणि आत काही नव्हतं.

जाऊबाई ओशाळून म्हणाल्या, “मन्ही मायनी बदली दिन्हा. ती म्हने, घरना गोटमा कोन काय घाली दी, काय भरोसा.”

आता भडका उडणार असं मला वाटलं. पण अक्कांनी कोपऱ्यावरच्या चुण्या बोटाने सारख्या केल्या. संध्याकाळी बैलगाडी जुंपली तेव्हा त्या घरात गेल्या आणि मुठीत काहीतरी घेऊन बाहेर आल्या.

“गोधडी उपाशी शे वं,” त्या थोरल्या सुनेला म्हणाल्या. “एवढं लेकरूना उशाले ठेव.”

“हाई काय शे?”

“ज्वारी.”

जाऊबाईंनी दाण्यांकडे पाहिलं आणि बाळाला हळूच पलीकडच्या मांडीवर घेतलं. दिरांनी बैलांना हाक दिली. गाडी पुलापर्यंत गेली तरी अक्कांचा हात तसाच पुढे होता.