तिसरी हाक
कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये ओल्या मातीचा वास आला की मला रोममधलं जमिनीखालचं ते प्राचीन दफनस्थान आठवतं. गाइडने बजावलं होतं, मैलोनमैल बोगदे आहेत, घोळका सोडू नका. आणि माझी सातारची आई नेमकी कुठल्याशा संताच्या थडग्यापुढे हात जोडायला मागे थांबली. लक्षात आलं तसा मी उलटा धावलो. दोन्ही बाजूंना भिंतीत कोरलेल्या रिकाम्या कबरी, काही तर तान्ह्या बाळाच्या मापाच्या, आणि मोबाइलचा उजेड चार पावलांवर संपत होता. "आई!" उत्तर नाही. पुन्हा ओरडलो, तरी काही नाही. तिसऱ्यांदा मी अक्षरशः रडत हाक मारली, तेव्हा अगदी हाताच्या अंतरावरून, आडव्या बोगद्यातून आवाज आला, "ओ, हितंच हाय की!" मी चिडलो, "मग आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "आरं, असल्या जागी पहिल्या दोन हाका कुणाच्या असतील, काय सांगावं? तिसरी आपल्या माणसाची." तिचा हात मात्र बर्फासारखा गार पडला होता. आई जाऊन आता वर्ष झालं. परवा पार्किंगमधले दिवे गेले, तेव्हा अंधारात मी हळूच तिला हाक मारली. दोनदाच. तिसरी मारायची हिंमत झाली नाही.