रोट कोणी खाल्ला

नात कॉलेजच्या नाटकाचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. आमच्या पिंप्राळ्याच्या घरात दोनच खोल्या, ऐकावंच लागतं. नाटकातला एक माणूस नवऱ्याच्या मनात बायकोबद्दल संशय घालतो आणि नवरा तिला मारून टाकतो. नात म्हणाली, "आजी, तो सरळ काही बोलतच नाही, अर्ध्यावर थांबतो."

मी चौथी शिकलेली, पण तो माणूस मी पाहिला आहे. तो माझा चुलत दीर.

माझा धाकटा दीर आधी त्याला विचारून पेरणी करायचा. लग्न झाल्यावर बायकोला, म्हणजे माझ्या जावेला, विचारू लागला. त्याला सलायला एवढंच कारण.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. त्या वर्षी जावेचा भाऊ पिंपळनेरहून येऊन गेला. दुसऱ्या दिवशी चुलत दीर आला, सगळे रोट घरातच आहेत ना, विचारू लागला.

"रोट बठ्ठा घरमाच शेतस ना, भाऊ?"

"काब्र रे?"

"काही नही. वहिनीना भाऊ वना व्हता ना... जाऊ दे."

दिरानं रोटांची टोपली पाहिली. एक रोट कमी. जाऊ चुलत दिराला म्हणाली, "तुमलेच तं दिधा व्हता मी!"

तो खाली मान घालून म्हणाला, "वहिनी म्हणी ऱ्हायनी ना, तं दिधा व्हई."

झालं. 'म्हणतेय तर दिला असेल' एवढ्यानंच जाऊ खोटी ठरली. दिरानं तिला त्याच दिवशी माहेरी नेऊन सोडलं. मी म्हटलं, "आधी नीट चौकशी कर." तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही मधमा पडू नका."

पुढच्या कानबाईला चुलत दिराच्या बायकोनंच सहज सांगितलं, मागच्या साली यांनी तुमच्याकडच्या रोटातला अर्धा पोरासाठी घरी आणला होता. दिरानं लगेच चुलत भावाला विचारलं. तो म्हणाला, "मी कधी नही म्हणं व्हतं?"

ते खरंच होतं.

दीर पिंपळनेरला गेला, मीही बरोबर होते. जाऊ दारातच उभी राहिली. म्हणाली, "रोटनं सोडा. मी सांगं तवय तुम्ही मन्हाकडे नही, त्याना तोंडकडे देखं." पाणी दिलं, आली मात्र नाही.

नात म्हणाली, नाटकातला तो शेवटी पकडला जातो आणि तोंड बंद करतो.

आमचा बोलतो अजून. दीर एकटाच असतो, म्हणून चुलत दीरच रोज संध्याकाळी त्याच्याकडे चहाला जातो.