हाडातलं पाणी

अख्ख्या पिंपरी पेंढारात माझ्यासारखा दणकट गडी नाय. बकरीनं दाव्याला हिसका दिला आन् माझ्या दंडाचं हाड मोडलं.

डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला आन् पेनानं एक जागा दाखवली. मग म्हणाला, "इथं हाड आतून पोकळ आहे. पाण्याची पिशवी झालीय. म्हणून एवढ्याशा हिसक्यानं मोडलं."

"वाईट गाठ हाय का, डॉक्टर?"

"तसं वाटत नाही. बहुतेक साधीच आहे. पोरांमध्ये जास्त दिसते, तुमच्या वयात कमी. मोठ्या मशीनमध्ये बघू, मग ऑपरेशन करून आतलं खरवडू. ते तपासून आलं की नक्की सांगतो."

त्या 'बहुतेक'मधी जो अडकलो, तो अडकलोच.

मोठ्या मशीनच्या दारात बायकोला म्हणलं, "आपण काय भेतो व्हय?" आत सरकावल्यावर नाकाम्होरं बोटभर जागा. खांदा हलवायचा न्हाय, खाजवायचं न्हाय. तिथल्या पोरीनं हातात रबरी फुगा दिला व्हता, भ्या वाटलं तर दाबा म्हणून. जोरात दाबला.

"काय झालं, काका?"

"झालं का?"

"अजून चालूच केलं नाही."

ऑपरेशनात पोकळी खरवडली आन् कमरंच्या हाडाचा भुगा काढून दंडात भरला. हात छातीला बांधून घरी धाडलं. डाव्या कुशीला कंबर दुखायची, उजव्या कुशीला दंड. उताणाच पडायचो, पत्र्याकडं बघत. रिपोर्ट अजून यायचा व्हता.

तवर माणसं यायला लागली. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस चहा घेतल्याबिगर उठत नाय, आन् आजाऱ्यानं पहिल्यापासून सगळं सांगितल्याबिगर चहा पीत नाय. बकरीपासून सुरू करायचं. बकरी आली की लोकं हसायची, गाठ आली की गप व्हायची. मी उठाया बघितलं की दोघं धरून पुन्हा झोपवायची. "पड राव, पड."

चुलता तर रोजच यायचा. उशाला बसायचा.

"माझ्या मेव्हण्याला बी हाडातच निघालं व्हतं."

"मंग?"

"मंग काय. चांगला माणूस व्हता."

मी हसायचो. माझ्या हसण्यावर सगळे हसायचे. चुलीपाशी बायको मातर हसत नव्हती. रात्री मला वाटायचं, ही झोपली. तिला वाटायचं, मी झोपलो. मधी ते पाणी.

रिपोर्टच्या दिवशी दवाखान्यात माझ्याच्यानं विचारवंना. बायकोनंच विचारलं. डॉक्टर म्हणाला, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. हाड भरून येईल. पण काही महिने जड उचलायचं नाही, आणि फोटो काढायला येत राहायचं. ही गाठ पुन्हा पाण्यानं भरू शकते."

बायको तिथंच खुर्चीवर बसली आन् पदरात तोंड घालून लई रडली. मी तिला हसवाया गेलो आन् तिच्याच पदराला डोळं पुसलं.

घरी आलो तर चुलता खाटंवर बसलेला. त्याला सांगितलं, "तात्या, साधी निघाली. मरत नाय मी."

त्यानं टोपी उचलली, माझ्याकडं नीट बघितलं.

"मंग इतके दिस उगाच येत व्हतो म्हण की."